फिलेमाँचा ट्रक

माझा नवरा एल्झेआर हिवाळ्याशिवाय दुसरं काही रंगवत नसे. उन्हाळ्यात तो लोकांची घरं रंगवायचा, कुंपणं नीट करायचा. नोव्हेंबरात नदीकाठी बर्फ धरू लागला की त्याचा पाय घरात ठरत नसे. रंगाच्या नळ्या गोठू नयेत म्हणून त्या सदऱ्याच्या आत पोटाशी बांधायच्या आणि निघायचं.

त्याची चित्रं क्वेबेक शहरातला ग्राव्हेल नावाचा दुकानदार विकायचा. तिथल्या गिऱ्हाइकांना एकच हवं असे: पांढरा रस्ता, त्यावर बिनचाकांची लाल घसरगाडी, ती ओढायला पुढे घोडा. तशी गाडी आणि घोडा आमच्या शेजारच्या फिलेमाँकडे होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं हिवाळ्यातही रस्त्यावरचा बर्फ काढायला सुरुवात केली. मोटारी धावू लागल्या, घसरगाड्या एकेक करून कोठारात गेल्या. फिलेमाँ मात्र एल्झेआरला रंगवता यावं म्हणून नदीकाठच्या जुन्या, बर्फ न काढलेल्या वाटेनं फेऱ्या मारत राहिला.

"रोज निघून कुठेच न पोचणारा गावात मी एकटा," आमच्या चुलीशी हात शेकत तो म्हणायचा. "काल पाद्रीबाबा ओरडले, फिलेमाँ, चर्च इकडे आहे! म्हटलं, फादर, मी चित्रात चाललोय."

पण एका शरदात त्यानं घोडा विकला आणि लाकडं वाहायला जुना ट्रक घेतला.

"मला विचारायचंस तरी!" एल्झेआर म्हणाला.

"तुला? दाणावैरण काय तू घालत होतास?"

दोघांचं बोलणं बंद झालं. त्या हिवाळ्यात एल्झेआर स्वयंपाकघरात बसून आठवणीतला घोडा काढू लागला. मी वाटाण्याचं सूप ढवळता ढवळता मागून बघायची. शेवटी राहवलं नाही.

"हा घोडा लाकडाचा वाटतोय."

"ग्राव्हेलला कळणार नाही."

"त्याचं सोड. तुला कळतंय ना?"

त्यानं ब्रश पुसला आणि दोन आठवडे रंगांच्या खोक्याला हात लावला नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी फिलेमाँचा ट्रक आमच्या दारासमोरच्या बर्फाच्या ढिगात रुतला. तो एकटाच फावड्यानं झगडत होता. एल्झेआर खिडकीतून थोडा वेळ बघत राहिला, मग टोपी चढवून बाहेर गेला. दोघं न बोलता बर्फ उपसत होते. मध्येच एल्झेआर थांबला, चार पावलं मागे सरला, पळत घरात आला आणि रंगांचं खोकं घेऊन गेला.

"अरे, फावडं कुठे टाकलंस?"

"हलू नकोस. ट्रक तसाच राहू दे."

"गोठलो मी, गाढवा! घोड्याला तरी कांबळं घालायचास!"

मी आतून कांबळं नेऊन दिलं. ते पांघरून फिलेमाँ तासभर शिव्या देत उभा होता. चित्रात सगळं आलं: धुरानं काळवंडलेला बर्फ, रस्त्यावरचा पिवळट चिखल, चाकं घसरू नयेत म्हणून खाली टाकलेली राख आणि कांबळ्यातला चिडलेला माणूस. त्या राखाडी रंगात इतके रंग होते की मी दारातच उभी राहिले.

ग्राव्हेलनं चित्र परत पाठवलं. चिखल लोकांना स्वतःच्या दारात फुकट मिळतो, असं त्यानं कळवलं. एल्झेआर हसला नाही, चिडलाही नाही. पुढे तो नाताळाच्या आधी दोन लाल घसरगाड्या रंगवून शहरात पाठवू लागला, भराभर, शीळ घालत. त्यावर आमचं पीठ आणि काकवी यायची. बाकीचा हिवाळा त्याचा स्वतःचा: रस्ता साफ करणारी गाडी, पेट्रोलपंपाचा दिवा, बर्फात अर्धे बुडालेले विजेचे खांब. ती चित्रं कुणी विकत घेत नसे. घर चालावं म्हणून मी माझं शिवणकाम वाढवलं.

एकदा मी विचारलंच, "तुला खरंच आवडतो का रे तो चिखल?"

तो ब्रश पुसत म्हणाला, "आवडतो असं नाही, रोझ. पण घसरगाडी काढताना मला थंडी वाजत नाही. हे काढताना वाजते."

मला ते तेव्हा पुरतं कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शिवण बाजूला ठेवून मी त्याच्याबरोबर गेले आणि पंपाशेजारी पुलाच्या कठड्यावर बसून राहिले. बोटं बधिर झाली. तो काय बघतोय ते मी बघत होते आणि दुपारपर्यंत मलाही त्या चिखलात त्याच्या चित्रातले रंग थोडे थोडे दिसू लागले.