लागणीचा रोग

छातीत गाठ लागली तेव्हा मी चोळी घट्ट बांधली आणि तोंड बंद ठेवलं. बेंगळूरात आमच्यातली घरं ती किती, त्यात शिवाजीनगरातली तर बोटांवर मोजावीत अशी. एका घरात कुणी खोकलं तर दुसऱ्या घरात काढा उकळतो. माझी कावेरी लग्नाची होती. आईला असला रोग म्हटल्यावर तिला कोण करून घेणार? पण गाठच फुटली, वास सुटला, मग कसलं लपवणं. दवाखान्यात कापाकापी झाली. कापलेलं पुन्हा वर आलं. डॉक्टरांनी माझ्या लेकाला, रघुजीला, बाजूला घेतलं आणि आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. मला ऐकू गेलं. रोग छातीत होता, कानात नव्हता.

जखम धुवायची ती सून, भाग्यलक्ष्मी. कडुलिंबाच्या पाण्यात फडकं भिजवून, नाकाला पदर न लावता. तिच्या गळ्यावर लहानपणच्या गंडमाळेचा व्रण होता. तो बघूनच आम्ही तिला केली. आई मेलेली, बापानं दुसरं लग्न केलेलं, व्रणामुळे कुठे जमत नव्हतं, म्हणजे सून जन्मभर वाकून राहणार हा आमचा हिशेब. तशी ती राहिलीही. तरी तिचे गुळगुळीत हात माझ्या सडक्या अंगावरून फिरायचे तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा. पाणी गार आहे म्हणायची मी, आणि बदलून आणलं की चटका बसला म्हणायची.

"सरी, अत्ते," बरं सासूबाई, असं कानडीत म्हणून ती पुन्हा उठायची.

आमच्या माडीवर बिंदुमाधव नावाचा भाडेकरू होता. धारवाडकडचा, इथल्या विज्ञानाच्या संस्थेत संशोधन करायचा. एका दुपारी मी त्याला खाली बोलावलं. म्हटलं, "तू एवढा शिकलेला. सांग, हे मला का झालं? कुणाचं काय वाकडं केलं होतं मी?"

"कुणाचंच नाही, अक्का," तो म्हणाला. मग बसला आणि समजावत राहिला. म्हणे अंगाच्या कणाकणात एक बारीक धागा असतो, डीएनए म्हणतात त्याला. अंग कसं चालवायचं ते सगळं त्या धाग्यात. तो धागा आपला आपणच उसवत असतो. बाहेरून कुणी काही करावं लागत नाही. आपला श्वास, अंगातली ऊब, एवढं त्याला पुरतं, असं आता काही लोकांना वाटतंय.

"मग सगळेच का मरत नाहीत?"

"अंगच शिवून काढतं. रघुअण्णा कारखान्यात मोटारीच्या गाद्या शिवतात ना, तसं. हे शिवणकाम चौसष्ट साली सापडलं, दोन-एक वर्षंच झालीत. पण एखादा टाका चुकतो. वयाबरोबर चुकलेले टाके साठत जातात. केस पिकतात, कातडी सैल पडते, त्यातही याचा हात असावा. आणि टाका नको त्या जागी चुकला, तर तो कण वाढतच सुटतो."

"म्हणजे म्हातारपण आणि हा रोग सख्ख्या बहिणी."

"तसंच समजा. आणि हा लागणीचा नाही. कुणाकडून येत नाही, कुणाला जात नाही."

मला सगळं कळलं. मी शाळेत गेले नाही, पण मठ्ठ नाही. आणि कळलं म्हणून भयंकर राग आला. कुणीच केलं नाही म्हणजे शिव्या द्यायच्या कुणाला? जन्मभर मी ज्या अंगाला न्हाऊ घातलं, तेच आतून मला खात होतं.

त्याच आठवड्यात हणमंतराव आले. कावेरीसाठी ज्या मुलाचं चाललं होतं त्याचे ते चुलते. कॉफी झाली, हवापाणी झालं, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मालनबाई, राग मानू नका, विचारावं लागतं. हे तुमच्या रक्तातलं आहे का? उद्या मुलीला..."

रघुजीच्या तोंडचं पाणी पळालं. कावेरी दाराआड उभी होती, तिची बांगडी वाजली. बिंदुमाधवचं खरं सांगितलं असतं तर? आतूनच होतं म्हटलं की हणमंतराव तेवढंच ऐकणार आणि चपला घालणार.

मी म्हटलं, "रक्तातलं कसलं? आमच्यात कुणाला नव्हतं. हा लागणीचा रोग. सून घेऊन आली. तिचा गळा बघा."

भाग्यलक्ष्मी पेले उचलत होती. हणमंतरावांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि आपला पेला हळूच लांब सरकवला. तिचा हात पदराकडे गेला, व्रण झाकायला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मान फिरवली.

"तिला माहेरी पाठवतोच आहोत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रघुजीनं तिची ट्रंक टांग्यात ठेवली. बिंदुमाधव जिन्यावरून अर्धा खाली आला. "अण्णा, हे खोटं आहे. मी अक्कांना स्वतः सांगितलं होतं..."

"तुम्हाला माडी हवी की नको?" रघुजीनं विचारलं.

तो जिन्यावरच थांबला. भाग्यलक्ष्मीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तो वर गेला. तिला माहेर कसलं होतं? सावत्र आईनं पडवीत ठेवली म्हणे. मी पुढे चौकशी केली नाही.

कावेरीचं ठरलं. साखरपुडा झाला, घरात पेढे आले. माझ्या खोलीत मात्र कुणी आलं नाही. जखम चिकटली, पट्टी पिवळी पडली, माश्या बसायला लागल्या. पहिल्यांदा मी हाका मारल्या, मग शिव्या दिल्या. कामवाली सुद्धा उंबऱ्याबाहेरून वाकून बघायची आणि निघून जायची.

शेवटी कावेरी आली. नाकाला पदर लावलेला. ताटली उंबऱ्याच्या आत ठेवून तिनं केरसुणीच्या दांड्यानं माझ्याकडे ढकलली.

"कावे, पट्टी तरी बदल गं," मी म्हटलं. "स्वल्प पाणी घेऊन ये."

"मला लागलं तर?" ती रडकुंडीला आली होती. "लग्न व्हायचंय माझं. आई, खरं सांग, हा लागतो ना?"

माझ्या अंगातला एकेक कण ओरडत होता की नाही लागत, ये, हात लाव मला. तेवढं म्हटलं असतं तर ती आली असती. पण मग पुढचं विचारलं असतं तिनं. न विचारून राहणारी पोर नव्हे ती. लागत नाही, तर मग आला कुठून? आणि हे बाहेर कळायला कितीसा वेळ?

"लागतो," मी म्हटलं. "दार ओढून घे."

तिनं लगेच ओढून घेतलं.