टाउनोच्या हाताची जागा

मित्रांनो, मी जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, हे खरे. पण गेल्या मे महिन्यात माझ्या अंगावर जे जुनेपण पाहून लोकांनी माना डोलावल्या, ते खोटे होते. हे सांगताना मला आजही मान वर करवत नाही.

माझा जन्म फिनलंडमधल्या कायानी गावचा. तिथल्या स्कीच्या कारखान्यातला एक सुतार सुट्टीच्या दिवशी हौसेने गिटारी बनवत असे. माझे धड अल्डरच्या लाकडाचे आणि मान स्कीसाठी आणून उरलेल्या बर्चची. माझा लाल रंगही उरलेलाच होता. शेजारच्या गॅरेजमध्ये कोणाची तरी गाडी रंगवून झाल्यावर डब्याच्या तळाशी राहिला, तो मला लागला. टाउनोने मला प्रथम हातात घेतले तेव्हा तो हसून म्हणाला, "कुठे आग लागली तर हिलाच बोलवा रे!"

टाउनो लाकूडतोडीचे काम करायचा आणि उन्हाळ्यात शनिवारी तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवात वाजवायचा. एका ओंडक्याखाली सापडून त्याचा गुडघा गेला होता. म्हणून बाकीचे वादक उभे असत आणि तो एकटा स्टुलावर बसत असे. अडतीस उन्हाळे त्याचा उजवा हात माझ्या वरच्या काठावर टेकत राहिला. तिथला रंग झिजला आणि लहान मुलाच्या तळव्याएवढे लाकूड उघडे पडले. ती जागा इतकी मऊ उतरत गेली होती, की रंग कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होते ते बोटालाही कळत नसे.

मला त्या जागेचा अभिमान वाटायला हवा होता. तो वाटला नाही, ही माझी पहिली चूक.

त्या मे महिन्याच्या आधीच्या हिवाळ्यात टाउनोला अर्धांगाचा झटका आला. त्याचा उजवा हात लुळा पडला. इस्पितळात त्याने धाकट्या भावाला, इल्पोला, सांगितले, "गिटारची बटणं करकरतात, तेवढी बघून ठेव." तेवढेच सांगितले होते.

इल्पो निवृत्त बसचालक. दर मंगळवारी संध्याकाळी तो गावच्या प्रौढांच्या शाळेत गिटार बनवण्याच्या वर्गाला जातो. त्याने मला तिथे नेऊन भिंतीवर टांगले. आजूबाजूला नव्या गिटारी होत्या. त्यांच्या अंगात तोंड दिसावे अशी चकाकी. त्यांच्यात मी म्हणजे लग्नात फाटका कोट घालून आलेली पाहुणी. मला माझ्या झिजलेल्या अंगाची लाज वाटली. मनात आले, मलाही कोणीतरी नवी करावी.

इल्पोच्याही मनात तेच आले. भाऊ घरी येईल तेव्हा गिटार लखलखीत दिसली पाहिजे, त्याला किती आनंद होईल! त्याने मला गरम हवेच्या यंत्राखाली धरले, पापुद्रे खरवडले आणि मग सँडपेपर घेतला. संध्याकाळभर घासत होता. टाउनोच्या अडतीस उन्हाळ्यांचा लाल भुसा जमिनीवर पडत होता. मित्रांनो, खरे सांगते, त्या वेळी मी खूश होते.

वर्गातली राकेल त्याच्याजवळ आली. ती पूर्वी दातांच्या दवाखान्यात परिचारिका होती आणि तिची जीभ दवाखान्यातल्या हत्यारांसारखी आहे.

"इल्पो, दात घासणं वेगळं आणि गिटार घासणं वेगळं. टाउनोला विचारलंस का?"

"त्याला चकित करायचंय."

"चकित होईल खरा," राकेल म्हणाली. "आम्ही इथे नव्या गिटारी जुन्या दिसाव्यात म्हणून किल्ल्यांचा जुडगा आपटतोय, आणि तू खरं जुनं केरात टाकलंस. धन्य आहे बाबा तुझी!"

पुढच्या मंगळवारी वर्गातच टाउनोचा फोन आला. फोन बाकावर माझ्या शेजारीच, मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे मीही सगळे ऐकले.

"इल्पो, व्यायाम करून घेणारी बाई म्हणते, ओळखीच्या वस्तू हातात घ्या. मी तिला म्हटलं, माझ्या गिटारवर एक झिजलेली जागा आहे. हात तिथे टेकला ना, की त्याला आपोआप आठवेल पुढे काय करायचं. दुसरं काही नको मला."

इल्पो "हो, हो" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. खरे सांगून टाकायची ती वेळ होती. पण त्याने लाल रंगाचा डबा उघडला.

रंग वाळल्यावर त्याने मला किल्ल्यांनी ठोकले, साखळीने ओरखडले. आता राहिली हाताची जागा. नवी गिटार जुनी दाखवायची, तर वर्गाचा एक नियम आहे: वाजवणाऱ्याचा हात जिथे पडतो तिथेच घासायचे. इल्पोने मला पट्ट्याने गळ्यात अडकवले, आरशासमोर उभा राहिला आणि हात पडला तिथे पेन्सिलने खूण केली. नियम त्याने पाळला, पण हात स्वतःचा घेतला, आणि तोही उभ्या माणसाचा. टाउनो बसून वाजवतो, हे जन्मभर पाहिलेल्या भावाला त्या घाईत आठवले नाही. त्याने ती जागा घासली आणि उघड्या लाकडावर थंड कॉफी चोळली. झाली मी जुनी.

मे महिन्यात वर्गाचे प्रदर्शन भरले. कॉफी होती, वेलचीचे पाव होते. लोक माझ्यापुढे थांबत. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, ह्याला म्हणतात वाजवलेली गिटार! एकेक ओरखडा म्हणजे एकेक शनिवार." आणि मित्रांनो, मी फुगले. चोरीचा दागिना घालून मिरवणाऱ्यासारखी मी तिथे लटकले होते.

मग काठी टेकत टाउनो आला. लोकांनी त्याला खुर्ची दिली, मला त्याच्या मांडीवर ठेवले. त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि माझ्या काठावर ठेवला. हात सरकला. त्याने पुन्हा ठेवला. बोटे चाचपडत पुढे गेली आणि घासलेल्या जागेच्या कडेला अडखळली. ती कड कडक होती.

"इल्पो," तो हळूच म्हणाला, "ही माझी जागा नाही."

सगळे बघत होते. इल्पोचा चेहरा माझ्या रंगासारखा झाला. तो म्हणाला, "जागा तीच आहे. तुझा हात बदललाय, टाउनो. आजारपणानं असं वाटतं."

टाउनोने आपल्या हाताकडे पाहिले. त्याने भावावर विश्वास ठेवला.

मला घरी नेऊन त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवले. व्यायाम सोडला. शेजारी विचारत तेव्हा म्हणे, "स्वतःची गिटार ओळखत नाही, तो हात काय कामाचा?" आणि मी, जिला सारे माहीत होते, गप्प उभी होते. लाकडाला बोलता येत नाही हे खरे. पण त्या वेळी बोलता आले असते, तरी मी बोलले असते की नाही, याची मला खात्री नाही.

राकेलला मात्र बोलता येते. वर्गाची सुट्टी संपल्यावर पहिल्याच मंगळवारी ती इल्पोला म्हणाली, "रंग खोटा लावलास, ते जाऊ दे. तू भावाचा हात खोटा ठरवलास."

त्या रविवारी इल्पो आला. टाउनो ओट्यावर मटार सोलत बसला होता, एकट्या डाव्या हाताने.

"टाउनो, तुझा हात बरोबर होता."

"कुठला?"

"उजवा. जागा खोटी आहे. मी केली. खरी मी घासून टाकली."

टाउनो मटार सोलत राहिला. "कशानं केलीस?"

"सँडपेपरनं. वर कॉफी चोळली."

"कुठली कॉफी?"

"वर्गातली."

"म्हणजे कॉफीसुद्धा पाणचटच." मग त्याने शेंग खाली ठेवली. "तीन महिने मी ह्या हाताला शिव्या देतोय, इल्पो. तीन महिने."

इल्पो रडायला लागला. टाउनोने त्याला गप्प केले नाही. उरलेल्या शेंगा सोलून झाल्यावर म्हणाला, "सगळा रंग काढ. परत लावू नकोस."

"निदान छान तेल लावतो, तू म्हणशील तसं, तुझ्यासाठी काहीही..."

"तेल लाकडाला लाव. मला लोणी लावू नकोस."

आता मी उघडी आहे. अंगावर ना लाल रंग, ना ओरखडे. टाउनो पुन्हा व्यायामाला जाऊ लागला आहे. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मला दहा मिनिटे वाजवतो. वाईट वाजवतो. बोटे तारा चुकतात. इल्पो कधी येतो, कॉफी पितो, निघून जातो. दोघांत पूर्वीची थट्टा अजून आलेली नाही.

मित्रांनो, कोणाची वस्तू दुरुस्तीला हाती आली, तर आधी विचारा, यातले काय तसेच ठेवू? आणि विचारायचे राहून गेले, चूक झाली, तर ती कबूल करा. ती झाकण्यासाठी दुसऱ्याच्या हाताला खोटे पाडू नका.

माझ्या लाकडावर अजून काहीच उमटलेले नाही. तशी जागा पडायला किती उन्हाळे लागतात ते मला ठाऊक आहे, आणि टाउनो एकाहत्तर वर्षांचा आहे. त्यालाही हिशेब कळतो. तरी रोज सकाळी तो डाव्या हाताने उजवी बाही कोपराच्या वर सारतो आणि उघडा हात माझ्या वरच्या काठावर, जुन्या जागी टेकतो.