कर्नलच्या नावाची मोकळी जागा

बोलांबा रेकॉर्ड्स ही कंपनी लढाईत बुडाली, असं किन्शासातले लोक सांगतात. साफ खोटं! ती बुडाली एका नावापायी, आणि ते नाव मालक पापा बोलांबांनी हौसेनं स्वतःच गाण्यात घातलं होतं.

आपल्या किन्शासातली रीत आहे ना, गिटारी धावायला लागल्या की गायकानं मोठ्या लोकांच्या नावाची हाळी द्यायची? कंपनी बुडाली त्या वर्षीच्या गाण्यात हाळी होती कर्नल इयोलेची, तीही चारदा. शहरानं गाणं डोक्यावर घेतलं. मग एका सकाळी रेडिओ म्हणाला, इयोले देशद्रोही, पकडला.

दुपारी एक कॅप्टन पापांच्या दारात हजर.

"म्हाताऱ्या, रविवारी दुपारी मामा अंटूच्या बारमध्ये तुझं गाणं ऐकायला येतोय. ते नाव कानावर आलं, तर तुझीही रवानगी इयोलेच्या शेजारी."

तो गेल्यावर ध्वनिमुद्रण करणारी लुसाला म्हणाली, "पापा, त्या जागी दुसरं नाव घालू?"

"कुणाचं घालशील बाई? उद्या तोही पकडला गेला म्हणजे?"

"मग तेवढा तुकडाच कापते."

"अजिबात नाही! ठेका तुटला तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतील. नुसता आवाज पूस. गिटार राहू दे."

लुसालानं चारही ठिकाणचा आवाज पुसला. पापांनी दहादा ऐकून खात्री केली. नावाचा मागमूस नव्हता. शनिवारी त्यांना चार घास गोडही लागले.

रविवारी बार गच्च भरला होता. कॅप्टन टोपी टेबलावर ठेवून बिअर पीत होता. नाव पुसलेलं गाणं लागलं. मासे तळणाऱ्या बायासुद्धा झारे टाकून नाचायला आल्या. गिटारी धावू लागल्या, मोकळी जागा आली, आणि अख्ख्या बारनं हात वर करून आरोळी ठोकली, "इयोलेऽऽ!"

कुणाच्या मनात काही नव्हतं हो. तोंडात बसलं होतं, निघालं.

पापा घाबरून दोन्ही हात हलवत, "नको रे, नको!" म्हणू लागले. लोकांना वाटलं, म्हातारा रंगात आलाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

कॅप्टन रागावला नाही. त्यानं शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"अजून तीनदा आहे ना?" तो म्हणाला. "बस. पुरतं ऐकू, मग निघू."