लिंबाची ओळ

कॅनडातल्या सस्काटूनची थंडी क्लॅरिसाच्या अंगावर उठायची. खरोखरच उठायची. शाळेच्या दारापासून गाडीपर्यंत चालली तरी पोरीच्या गालांवर गांधी यायच्या, ओठ सुजायचे. अंगातल्या मास्ट पेशी थंडीला शत्रू समजून फुटतात, हे तिच्या आईला, ऑड्रीला, चांगलं ठाऊक होतं. त्या पेशींना शांत ठेवणारं औषध शोधणं हीच तर तिची नोकरी.

आणि औषध सापडल्यासारखं होतं. विषारी द्रावकांना हात न लावता, नुसत्या लिंबाच्या रसात बनवलेली पांढरी पूड. दरवेळी तपासली, दरवेळी पेशी गप्प. प्रयोगशाळेच्या प्रमुख मंदाकिनी मॅडम उद्या टोरांटोच्या सभेत ते जाहीर करणार होत्या.

सकाळीच ऑड्रीचा नवरा फ्रँकलिन म्हणाला होता, "एक चिमूट घरी आण ना ग. पोरीचे हाल बघवत नाहीत."

तिने डोळे वटारले, पण हात शिवशिवला होता.

दुपारी लिंबू पिळता पिळता तोच हात थांबला.

"जयदीप, पूड आपण कशाने धुतो?"

"थंड पाण्याने. अल्कोहोल वापरायचं नाही, हरित पद्धत म्हणजे हरित!" शेजारी काम करणारा जयदीप हसला. "का? वसईच्या कोळंबीसारखी हळद लावून धुवायची?"

तिला हसू आलं नाही. "पेशींना शांत करणारी द्रव्यं लिंबातही असतात. पाण्याने ती सगळी निघत नाहीत. पुडीला चिकटून राहिली असली तर?"

जयदीपचं हसू मावळलं. "उद्या सभा आहे, ऑड्री."

"म्हणून आजच."

प्लेटमध्ये पेशींच्या तीन ओळी केल्या. पहिलीत नेहमीची पूड, दुसरीत अल्कोहोलने स्वच्छ धुतलेली, तिसरीत नुसतं लिंबू. मग पेशींना डिवचलं. फुटल्या, तर शेवटचं द्रावण पडताच तिथलं पाणी पिवळं होणार. दुसरी ओळ पिवळी होऊ नये, एवढंच ऑड्री मनात घोकत होती.

पहिली ओळ स्वच्छ राहिली. तिसरीही स्वच्छ.

दुसरी पिवळीधमक.

"थोडं थांबून बघू," जयदीप पुटपुटला.

"थांबून पिवळं उतरत नाही रे."

"मॅडमना कोण सांगणार?"

"मी. लिंबाची कल्पना माझीच होती."

फोनवर मॅडमनी तिन्ही ओळींचा निकाल पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाल्या, "तिकीट रद्द करते."

घरी क्लॅरिसा दारातच उभी. "मम्मा, इज इट रेडी?"

"नाही, बाय. पूड नुसतीच पूड निघाली. काम लिंबू करत होतं."

"सो आय कॅन जस्ट ड्रिंक लेमनेड?"

"बादलीभर प्यायलीस तरी नाही. पोटातून ते पेशींपर्यंत पोचतच नाही."

आतून फ्रँकलिन बाहेर आला. ऑड्रीचं तोंड बघून त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

क्लॅरिसाने बाहेर जायची टोपी कानांवर ओढली. मग म्हणाली, "ओके. देन व्हेअर आर माय मिट्स?"

लोकरीचे हातमोजे हीटरवर तापत होते. ऑड्रीने ते एकेक करून लेकीच्या हातांत चढवले आणि मनगटाशी कुठे फट राहिली नाही ना, ते बोट फिरवून पाहिलं.