नाकाशी धरलेली चप्पल

मी चप्पल बोलतेय. लडक्या नावाच्या माणसाच्या उजव्या पायाची, चामड्याची. दगडधोंड्यांना मी कधी भ्याले नाही. पण कुणी मला पायातून काढून हातात घेतलं, की माझा जीव खालीवर होतो.

२०१४ साली लडक्याने मला डहाणू रोडच्या बाजारात विकत घेतलं. तो अच्छाडच्या एका ढाब्यावर भट्टी सांभाळायचा आणि तलासरीकडच्या आपल्या पाड्यावर थोडं भात पिकवायचा. दोन वर्षं मी सुखाने झिजले.

मग एके दुपारी खळ्यावर भात झोडताना त्याची मुलगी नवशी खाली पडली. आधी नुसता डाव्या हाताचा अंगठा उडत होता. तिथून ते मनगटात गेलं, कोपरात, खांद्यात. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि मग सगळं अंग हिसके देऊ लागलं. "चप्पल हुंगव तिला!" कुणीतरी ओरडलं. लडक्याने मला तिच्या नाकाशी दाबलं. तिचा श्वास मला लागेना, तशी मी गारठलेच. दोनेक मिनिटांत हिसके विरळ झाले, शेवटचा एक मोठा आला आणि ती घोरू लागली.

श्रेय मला मिळालं, फुकटचं! मी काहीच केलं नव्हतं. पण चपलीचं ऐकतो कोण? आजूबाजूच्या पाड्यांवरून मला मागायला माणसं येऊ लागली. सगळीकडे तेच. दुखणं आपोआप चढायचं, आपोआप उतरायचं, आणि नाव माझं.

२०१८ मध्ये मात्र नवशीचे हिसके थांबेनात. ओठ निळे पडले तरी लडक्या मला दाबतच राहिला. पाड्यावरची आशा सेविका दक्षा धावत आली. तिने आधी पोरीला कुशीवर वळवलं.

"लडक्याकाका, कधीपासून चालू आहे?"

"थांबल ना आता. चपलीनं दर वेळंला थांबते."

"मला निरोप मिळाल्यालाच पाच मिनिटं झाली! गाडी बोलवा, उचला हिला!"

दवाखान्यात मी दाराबाहेर राहिले. आत सुई दिल्यावर डॉक्टर समजावत होते. मेंदूच्या एका कोपऱ्यात ठिणगी पडते, एका पेशीकडून दुसरीकडे पसरत जाते. बहुतेक वेळा मेंदू स्वतःच ती विझवतो. पाच मिनिटांत विझली नाही, तर औषधच लागतं. ऐकता ऐकता लडक्या लहान पोरासारखा रडला. नवशी वाचली, आता रोज गोळ्या घेते.

आज शेजारच्या पाड्यावरचा सुकऱ्या धापा टाकत आला. त्याची बायको हिरी पडली होती.

"चप्पल नको नेऊस," लडक्या म्हणाला. "थांब, गाडी बोलावतो. दवाखान्यात ने तिला."

सुकऱ्याला वाटलं, हा चपलीचा गुण आपल्याच घरात राखतोय. लडक्या फोन आणायला आत वळला, तेवढ्यात सुकऱ्याने मला उचललं.

आता मी त्याच्या मुठीत आहे आणि तो बांधावरून पळतोय. किती मिनिटं झाली, कुणी मोजलेली नाहीत. अरे सुकऱ्या, फेक मला. त्या चिखलात फेक आणि मागे फिर. गाडी लडक्याच्या दारात येणार आहे, तिच्यात बसून हिरीला न्यायला जा.