पृथ्वी पुसून काढलेलं चित्र

मंडळी, तुमच्याही घरात हे चालत असेल. बातम्या लागल्या की घरात दोन पार्ट्या!

आपल्या पाटीवाल्याच्या घरी तर त्याचे बाबा आणि काका चार दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय? तिकडे लांब दोन देश पाच वर्षं लढतायत. बाबा एकाचे, काका दुसऱ्याचे. महिन्यापूर्वी दोघांनाही हे देश नकाशात सापडले नसते.

"त्यांना सांग, तुमचे रणगाडे मागे हटले," बाबा काकूला म्हणायचे.

"रणगाडे गेले खड्ड्यात. जेवण गार होतंय," काकू म्हणायची.

पाटीवाला दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात झकास, पण त्याचं स्वतःचं चित्र आजवर कुठेच लागलं नव्हतं. आता वाचनालयात युद्धावरच्या चित्रांचं प्रदर्शन होतं आणि त्याला एक भिंत मिळाली होती. आपण नुसते पाटीवाले नाही, हे त्याला एकदा दाखवायचंच होतं.

त्यानं सहा बाय चारचा बोर्ड घेतला आणि सगळं घातलं. रडणारी पृथ्वी, कवटी, कबुतर, रणगाडा. रणगाडा जरा ट्रॅक्टरसारखा झाला, कारण ट्रॅक्टरच्या शोरूमची पाटी त्यानं आठ वेळा केली होती.

ग्रंथपाल बाईंनी चष्मा वर केला. "खाली हा मोबाइल नंबर कशाला?"

"सवयीनं पडला, मॅडम."

"आणि यात माणूस कुठंय?"

"अख्खी पृथ्वी आहे की!"

"पृथ्वीला कोण ओळखतं? समोरच्या शिवणाच्या ताई त्यातल्याच एका देशात राहायच्या, युद्धातून पळून आल्यात. त्यांना विचारलंस? लोकांची घरं पडतायत आणि तू कबुतराची पिसं रंगवतोयस! परवापर्यंत माणूस आण, नाहीतर भिंत दुसऱ्याला."

पाटीवाला तणतणत ताईंकडे गेला. ताईंची पाटी त्यानंच रंगवलेली. चार वर्षं रोजचा नमस्कार. पण हे कधी विचारलंच नव्हतं!

"ताई, बॉम्बचा रंग नक्की कसा असतो?"

ताई हसल्याच. "अरे, मी पलंगाखाली होते. रंग बघायला बाहेर येऊ?"

"मग काय आठवतं?"

मशीन थांबलं. "इस्त्री. धाकट्या भावाचा शर्ट करत होते, तशीच पळाले. बटण बंद केलं का नाही, आठवतच नाही बघ. संध्याकाळी अख्खी इमारत पडली. तरी रोज वाटतं, चालू राहिलं."

पाटीवाला म्हणाला, "हे काढू?"

"काढ. पण कॉलर नीट काढ."

त्यानं पृथ्वी पुसली. कबुतर पुसताना जीव कळवळला, पिसं खरंच मस्त जमली होती!

प्रदर्शनाला बाबा आणि काका दोन दारांनी शिरले. या चित्रासमोर मात्र दोघं एकत्रच थबकले. टेबल, अर्धा इस्त्री केलेला शर्ट, चालू बटण, सताड उघडं दार. बस.

"हे घर कुणाच्या बाजूचं?" बाबांनी विचारलं.

मागून ताई म्हणाल्या, "माझं."

दोघं वळले. काकांनी हळूच विचारलं, "आणि शर्ट?"

"भावाचा. मुलाखत होती त्याची."

"मग गेला मुलाखतीला?"

"ते ऑफिसही पडलं. भाऊ वाचला. आता मला इस्त्रीला हात लावू देत नाही, चुरगळलेलाच फिरतो!" ताई हसल्या. बाबांना हसावं का रडावं, कळेना.

चार दिवसांत पहिल्यांदा ते थेट काकांशी बोलले. "आपण यांना कधी विचारलंच नाही रे."

"आपण रणगाडे मोजत बसलो," काका म्हणाले.

मंडळी, चित्रं काढा, पोस्टर लावा, राजकारणावर तावातावानं बोला. बोललंच पाहिजे! पण बाजू घेण्याआधी आपल्या गल्लीत बघा, तिथून घर सोडून आलेलं कुणी आहे का. असलं, तर आधी त्यांचं ऐका.