बूट काढून बसा

सासू आपल्याच गाडीवर कंडक्टर म्हणून येणार, हे कळलं तेव्हा ड्रायव्हरने हातातला चहा न पिताच खाली ठेवला. डेपोत हशा पिकला. पिकणारच, कारण जावई स्टिअरिंगवर आणि सासू घंटीच्या दोरीवर, असा योग त्या डेपोत आजवर कुणी पाहिला नव्हता.

"आता तुमचं काही खरं नाही," मेकॅनिक म्हणाला. "एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, आणि सतत वाजली तर समजायचं, सासूबाई बोलतायत."

ड्रायव्हर हसला नाही. त्याला हसू येण्याजोगे दिवसच नव्हते ते. बायको महिनाभर माहेरी होती आणि परत येण्याचं नाव काढत नव्हती.

झालं होतं असं. त्याच्या गाडीत एक दारुडा चढला होता, आल्यागेल्याला शिव्या घालत होता, शेवटी एका म्हाताऱ्याच्या अंगावर थुंकला. ड्रायव्हरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी उभी केली, त्याला खाली ओढलं आणि अशी एक ठेवून दिली की त्याचा एक दात रस्त्यावर पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या दिवशी पुढच्या सीटवर त्याची बायको बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी आल्यावर तिने शांतपणे बॅग भरली.

"चूक त्या माणसाची होती, मान्य," ती म्हणाली. "पण त्याला मारताना तुझा चेहरा मी पाहिला. तुला मजा येत होती. तो चेहरा उद्या माझ्याकडे वळणार नाही कशावरून? हे कळेपर्यंत मला या घरात झोप लागायची नाही."

त्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. तसं त्याने शपथेवर सांगितलं. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, आणि निघून गेली. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? साहेबांनी त्याला थोडे दिवस घरी बसवलं, सक्त ताकीद दिली आणि परत गाडी दिली. डेपोने त्याचं नाव ठेवलं 'दातपाड्या'. निम्मे लोक ते कौतुकाने म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मनातून त्यालाही ते गोड लागायचं. तिथंच सगळी गोम होती.

अशात सासूबाईंनी स्वतः अर्ज करून त्याच्या गाडीवर ड्युटी मागून घेतली. पाळत ठेवायला येतायत, असं त्याने मनाशी धरलं. त्याचा अंदाज काही चुकला नव्हता.

पहिल्याच दिवशी त्यांनी ठणकावून सांगितलं, "गाडीत मी बाई आणि तुम्ही ड्रायव्हर. जावयाचे लाड घरी." त्या अंगाने लहानशा, आवाज मात्र गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा. आयुष्य याच कामात गेलेलं. घाटाचा रस्ता, वर जाणारे आणि खाली येणारे तेच तेच लोक, आणि वाटेत बाजाराचं गाव. त्या बाजारगावात दुपारपासूनच दारूची दुकानं उघडी असायची, त्यामुळे दारुडे काही नवे नव्हते. दर दोन-तीन दिवसांनी एखादा झुलत चढायचाच.

पहिला चढला तो एक गाणारा म्हातारा. एकच ओळ पुन्हा पुन्हा, आणि तीही चुकीची. लोक वैतागले. ड्रायव्हरने सवयीने ब्रेकवर पाय नेला, पण घंटी काही वाजली नाही. आरशात त्याने पाहिलं, तर बाई म्हाताऱ्यासमोर उभ्या राहून अगदी काळजीच्या सुरात विचारत होत्या, "आजोबा, पाय सुजलेत का हो तुमचे?"

म्हातारा गाणं विसरला. 'खाली उतरा', 'गप्प बसा', 'लाज नाही वाटत' यांची उत्तरं दारुड्याकडे तयार असतात. याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तो आपल्या पायांकडे बघत बसला.

"बूट काढून बसा. मोकळं वाटेल."

आता प्यालेल्या माणसाला बुटाची नाडी सोडवणं म्हणजे काय चेष्टा आहे? मान खाली, बोटं एकमेकांत गुंतलेली, वर घाटाची वळणं. पहिला बूट निघेपर्यंत अर्धा घाट उतरून झाला, दुसरा निघेपर्यंत म्हातारा पेंगायला लागला. बाईंनी दोन्ही बूट उचलून आपल्या सीटखाली सरकवले. त्याचा थांबा आला तेव्हा त्याला हलवून उठवलं, बूट घालू दिले, कोपराला धरून खाली उतरवलं आणि दोन घंट्या दिल्या.

"हे काय होतं?" ड्रायव्हरने शेवटच्या थांब्यावर विचारलं.

"मोज्यांवर उभं राहून कुणी मारामारी करत नाही," बाई म्हणाल्या. "करून बघा कधी. आणि दुसरं, गाडी थांबवायची नाही. उभ्या गाडीत त्याचं नाटक सुरू होतं आणि सगळे बघायला बसतात. चालत्या गाडीत त्याला आधी स्वतःला सांभाळावं लागतं."

"आणि नाहीच ऐकलं तर?"

"तर चौकी आहे की घाटाच्या पायथ्याशी. पोलीस पगार कशाचा घेतात?"

हे सगळं त्याला आधी पोरखेळ वाटलं. पण बाईंची करामत रोज आरशात दिसत होती, आणि डोळे मिटून तर गाडी चालवता येत नाही. कुणाला त्या घरी कोण वाट बघतंय ते विचारायच्या, कुणाला खिडकीची काच धरून ठेवायचं काम द्यायच्या, 'तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही हो' असं म्हणून. तो बिचारा उतरेपर्यंत काच धरून बसायचा. बाईमाणसाच्या वाटेला जाणाऱ्याला मात्र गोडीगुलाबी नसायची. त्याच्यासाठी वेगळा आवाज होता, तो ऐकून ड्रायव्हरसुद्धा सीटवर सरळ बसायचा.

हळूहळू त्याचाही हात त्या कामाला लागला. बाई मधल्या वाटेत उभ्या असल्या की तो वळण रुंद घ्यायचा, ब्रेक अलगद दाबायचा. एखादा दारुडा सीटच्या तोंडाशी अडून उभा असला की गाडीला किंचित असा झोका द्यायचा की तो आपोआप खाली बसायचा. एकदा बाई म्हणाल्या, "मघाचं वळण छान घेतलंत." त्या एका वाक्यावर तो दिवसभर खूश होता, आणि आपण इतके खूश का आहोत म्हणून स्वतःवरच चिडलाही होता.

मग तो टायवाला चढला.

बाजारगावातून चढला तेव्हा कुणाला शंकासुद्धा आली नाही. इस्त्रीचे कपडे, गळ्यात टाय, पायात चकचकीत जड बूट, हातात पाण्याची बाटली. बाटलीत काय होतं ते घाट उतरायला लागल्यावर कळलं. आधी त्याने गाडी हळू चालते म्हणून ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीला सरकून बस म्हणत तिच्या अंगावर रेलला.

बाई तिथे पोचल्याच होत्या. "पोरी, तू माझ्या सीटवर जाऊन बस," त्या म्हणाल्या, आणि टायवाल्याला त्या दुसऱ्या आवाजात, "हात मागे. बसायचं तिथंच, हलायचं नाही. पायथ्याशी तुम्हाला पोलिसांच्या ताब्यात देणार आहे."

तो एवढासा झाला. बाई मग नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "तोवर बूट काढून बसा, पाय आखडतील." त्याने खरंच एक बूट काढला. बाईंनी तो घ्यायला हात पुढे केला, आणि काय डोक्यात आलं कोण जाणे, त्याने तो जड बूट सगळा जोर लावून त्यांच्या तोंडावर फेकला.

बुटाची टाच भुवईच्या वर बसली. रक्त थेट डोळ्यात आलं.

सगळी गाडी उठली. घाटाच्या वळणावर, चालत्या गाडीत, माणसं एकमेकांवर पडत पुढे धावली. बाईंनी एका हाताने कपाळ दाबलं आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढली. एक घंटी.

ड्रायव्हरने रुंद जागा बघून गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि तो उठला. तो येतोय म्हटल्यावर लोकांनी वाट दिली. कोंबड्यांचा एक धिप्पाड व्यापारी होता, त्याने टायवाल्याचे दोन्ही हात मागे पिरगाळून धरले होते.

"या ड्रायव्हरसाहेब," तो म्हणाला. "तुमचं नाव ऐकून आहोत. तुमच्या सासूबाईंना मारलंय याने. आम्ही धरतो, तुम्ही घ्या हात धुऊन."

ड्रायव्हरने बाईंकडे पाहिलं. रुमाल लाल झाला होता. एका उघड्या डोळ्याने त्या त्याच्याकडे बघत होत्या. नको म्हणाल्या नाहीत, मारा म्हणाल्या नाहीत.

त्याचा हात वर गेला. लपवून काय उपयोग, चांगला खांद्याच्या वर गेला, मूठ वळली. टायवाल्याने डोळे घट्ट मिटून मान वळवली. त्यामुळे ड्रायव्हरला समोर दिसली ती त्याच्या मागची माणसं. व्यापारी हसत होता. त्याच्यामागचा वाणी, एरवी मुंगीला न दुखवणारा माणूस, ओठ चाटत होता. ती कॉलेजची मुलगी सीटवर चढून उभी होती. सगळ्यांचे डोळे चमकत होते, सगळ्यांना मजा येत होती. आणि त्याला एकदम कळलं की त्या दिवशी पुढच्या सीटवरून बायकोने जे पाहिलं, ते हेच. इतके दिवस तिला उगाच घाबरट म्हणत होतो, असं त्याला वाटलं आणि त्याची त्याला लाज वाटली.

त्याने हात खाली घेतला. मग तो वाटेतच उकिडवा बसला आणि टायवाल्याच्या दुसऱ्या बुटाची नाडी सोडवायला लागला.

गाडीत कुणाला काय चाललंय ते समजेना. "अहो, मारा की," मागून कुणीतरी म्हणालं. व्यापाऱ्याला राहवलं नाही, त्याने स्वतःच लाथ घातली. ती टायवाल्याला लागायच्या ऐवजी खाली बसलेल्या ड्रायव्हरच्या खांद्यावर बसली. तो मागे कलंडला, सावरला, आणि नाडी सोडवत राहिला.

"हात सोडा त्याचे," तो वर न बघता म्हणाला. "तिकीट काढून बसलाय तो. पायथ्याशी पोचेपर्यंत तो माझ्या गाडीत आहे, आणि माझ्या गाडीत कुणी कुणाला मारणार नाही. बसून घ्या सगळे."

आवाज चढवला नव्हता, पण तो शेवटच्या सीटपर्यंत गेला. लोक बसले. व्यापारी कुरकुरत बसला. टायवाला नुसत्या मोज्यांवर उभा होता, एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. तो खाली बसला आणि हमसून रडायला लागला. त्याची कुणी समजूत काढली नाही. ते बरंच झालं, प्रत्येक गोष्टीची समजूत काढायची नसते.

दोन घंट्या वाजल्या.

पायथ्याशी बाईंनी त्याला बूट परत दिले, घालू दिले आणि चौकीत नेऊन उभं केलं. जे झालं ते त्यांनी पोलिसांना जसंच्या तसं सांगितलं, मुलीचंही आणि बुटाचंही. त्यात काही वाढवलं नाही आणि दया येऊन काही गाळलंही नाही. मग शेजारच्या दवाखान्यात कपाळाला टाके घालून घेतले आणि परत गाडीत येऊन राहिलेली तिकिटं फाडली. ड्रायव्हर आरशात बघत होता. एवढीशी बाई, डोक्याला पट्टी, आणि सुट्ट्यासाठी वाण्याशी हुज्जत घालतेय. त्याला वाटलं, या बाईच्या पायावर डोकं ठेवावं. पण गाडी चालवताना ते जमत नाही.

डेपोत गाडी लावल्यावर तो त्यांच्याजवळ गेला. "आई, फार दुखतंय का?"

"दुखणार नाही तर काय होईल? माझाच मूर्खपणा. हात पुढे करायला नको होता, त्याने स्वतःहून बूट खाली ठेवेपर्यंत थांबायला हवं होतं." त्या पायरीवर बसल्या. "तुम्हाला वाटत असेल, मी तिला जाऊन सगळं सांगेन."

"सांगाल ना?"

"नाही. मी तिला परत जाऊ नकोस असं सांगणार होते. आज सकाळपर्यंत माझं तेच ठरलं होतं. आता ते नाही सांगणार, एवढंच माझ्या हातात आहे. बाकीचं तुमचं तुम्ही सांगा." त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "आणि हात वर गेला होता तेही सांगा. तेवढं गाळून सांगितलंत, तर मी जन्मात तुमच्याशी बोलणार नाही."

त्याने गाडीच्या मागे जाऊन फोन लावला. इतक्या दिवसांत त्याने किती विनवण्या केल्या होत्या, आज एकही सुचली नाही.

"आईला लागलंय," तो म्हणाला. "काळजी करू नकोस, टाके घातलेत, शुद्धीवर आहे, माझ्या चुका काढतेय. एका प्यालेल्या माणसाने बूट मारला." तो थांबला. "माझा हात वर गेला होता."

तिने हळूच विचारलं, "कुणी धरला?"

"कुणीच नाही."

तिचा श्वास ऐकू येत होता.

"उद्या घाटाची गाडी तुझ्याचकडे आहे?" तिने विचारलं.

"हो."

"मी येते. घरी नाही, आधी गाडीत. पुढच्या सीटवर बसेन."

"ये," तो म्हणाला. "तिकीट मात्र काढावं लागेल. आई फुकट बसू द्यायची नाही."